कार्ड नंबर अठ्ठ्याऐंशी

२१ सप्टेंबर २०१५

बर्फाचा डबा! दहा वर्षांनी मुंबईच्या शहाण्यांना दोष सापडला, तोही माझ्या बर्फाच्या डब्यात.

पत्र समोरच आहे. ‘काही रुग्णांचे आकडे एका वर्षी वर, तर पुढच्या वर्षी खाली गेलेले दिसतात. नमुने वाहून नेताना उष्णतेने बिघडत असावेत. संबंधित परिचारिकेने दक्षता घ्यावी.’ संबंधित परिचारिका म्हणजे मी. नाव लिहायला शाई पुरली नसेल.

माजलगावच्या खालच्या अंगाच्या अकरा वस्त्या दहा वर्षं पायाखाली घातल्या. उन्हात ऊस तोडून तोडून माणसाच्या मूत्रपिंडांचं काय होतं ते या मुंबईच्या संशोधकांना बघायचंय. दर सप्टेंबरला तीच माणसं, तेच रक्त, अशी वीस वर्षं. कल्पना त्यांची, पायपीट माझी. मी कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स, म्हणून हे जादा काम गळ्यात पडलं. माणशी एक, अशी दोनशे चाळीस कार्डं. त्यातलं एकही हरवलेलं नाही. बाकीच्या ठिकाणी म्हणे तिसऱ्या वर्षीच निम्मी माणसं सापडेनाशी होतात. माझी सापडतात. सभेत यांनी त्याच्यावर टाळ्या घेतल्या. आता मला बर्फ शिकवतात. उंटावरून शेळ्या हाका म्हणावं, खाली उतरू नका!

२३ सप्टेंबर

पाऊस नाही. धरणात गाळ तेवढा उरलाय. टँकर चौथ्या दिवशी. उभा ऊस कापून लोक छावणीतल्या जनावरांना घालताहेत. कारखान्याचा बॉयलर यंदा पेटतो की नाही कुणाला माहीत नाही.

पण चेअरमन विठ्ठलरावांना सोहळा करायचाय. दशकपूर्ती! दोन ऑक्टोबरला, मंडप घालून. ‘सभासदाला कळलं पाह्यजे शिष्टर, कारखाना नुसती साखर काढीत न्हाई, समाजाची शेवाबी करतो.’ साखर तरी कुठे काढतोय? पण हे त्यांच्या तोंडावर बोलायला मी खुळी नाही. मुंबईच्या मोठ्या मॅडम येणार. एका आदर्श रुग्णाचा सत्कार होणार. मॅडमनी फोनवरून नंबरही सांगितला – अठ्ठ्याऐंशी. म्हणजे त्रिंबक. तीन वाक्यं सलग बोललेला मी त्याला कधी बघितला नाही.

२४ सप्टेंबर

दवाखान्यात हात धुवायला पाणी नाही. विठ्ठलरावांना मंडपाच्या दारात कारंजं हवंय.

२७ सप्टेंबर

रविवार. दहाही वर्षांची रजिस्टरं काढून बसले. म्हटलं, बर्फच वितळला असेल तर सगळेच आकडे बिघडायला पाहिजेत. एका डब्यातून चाळीस नळ्या जातात. त्यातल्या तीस धड आणि दहाच कशा नासतील?

क्रिएटिनीन म्हणजे रक्तात साठलेली घाण. एकच्या आसपास असलं की मूत्रपिंडं चांगली. वर चढलं की वाईट, आणि एकदा चढलं की सहसा मागे फिरत नाही. हे मला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. मॅडमना बहुतेक त्या दिवशी सुट्टी होती.

कारण हा त्रिंबक बघा. २००८ ला त्याचा आकडा पावणेदोनच्या घरात गेला. मुंबईहून गोळ्या आल्या, सूचना आल्या – मीठ तोडा, दुखण्याच्या गोळ्या बंद, ओझं उचलू नका. पुढच्या वर्षी ०.९. मॅडम खूश. २०१० ला दोनच्या वर. मॅडम म्हणाल्या, रुग्णाने गोळ्या सोडल्या, जाऊन समज द्या. मी जाऊन चांगला झापला. तो आपला एकच, ‘एकबी गोळी चुकली न्हाई.’ माझा विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी परत ०.९! गेल्या वर्षी ३.८. या महिन्यात ०.९. मॅडमनी त्याचा आलेख छापलाय म्हणे. गोळ्या घेतल्या की खाली, सोडल्या की वर.

म्हणजे आकडा उतरला तर यांची गोळी. चढला तर त्रिंबकचा हलगर्जीपणा, नाहीतर माझा बर्फ. वाटणी मोठी झकास केलीय.

२ ऑक्टोबर

झाला एकदाचा सोहळा. कारंजं चाललं नाही.

विठ्ठलराव चाळीस मिनिटं बोलले. त्यातली पस्तीस स्वतःवर, पाच महात्मा गांधींवर. मग मॅडम उठल्या. पडद्यावर त्रिंबकची वरखाली रेष. ‘शिस्तीने औषध घेतलं तर काय होतं याचं हे उदाहरण. हे आमचे हीरो!’ त्रिंबकला फेटा, शाल, श्रीफळ. बोलायला लावलं तर म्हणाला, ‘गोळ्या खातो. चक्कर येती. बाकी बरं हाय.’ आणि खाली बसला. टाळ्या.

त्याची बायको छबुबाई बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत होती. चपला हातात धरून बसलेली. मी म्हटलं, पायात का नाही घातल्या? ‘बसत न्हाईत, शिष्टरबाई. पाय सुजलेत उन्हानं.’ किती दिवस? ‘दोन-तीन साल झाले आसतील.’ तोंडही सुजलेलं. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

स्टेजवर शिस्तीचं उदाहरण शाल पांघरून बसलंय आणि खाली हे पाय. मुंबईहून सात तासांचा प्रवास करून आलेल्या बाईला वीस पावलांवरचं दिसलं नाही. तिला लगेच विमान गाठायचं होतं.

३ ऑक्टोबर

सकाळीच वस्तीवर गेले. आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

त्रिंबक दारात दोर वळत होता. म्हटलं, छबुबाईचं रक्त कधी तपासलंय का? तो म्हणाला, ‘दर दोन सालाला तपासता की तुमी.’

मी? कुठे?

‘कार्डावर. एक साल मी देतो, एक साल ही देती. पाळीपाळीनं. स्टीलचा डबा भेटतो, जेवण भेटतं, मंग एकट्यानंच कावून जायचं?’

मागच्या साली कोण? ‘ही.’ त्याच्या आदल्या साली? ‘मी.’ मी पिशवीतून रजिस्टर काढलं. बोट ठेवून एकेक वर्ष विचारत गेले. ०.९ ते सगळे त्रिंबकचे. १.७, २.२, २.९, ३.८ ते सगळे छबुबाईचे. दोन माणसं, एक कार्ड, आणि मुंबईला एका माणसाचा आलेख.

मग गोळ्या?

‘कार्डावर माझं नाव. मीच खातो की.’

सात वर्षं! धडधाकट माणूस सात वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या खातोय आणि चक्कर येऊन फडात बसतोय. त्याला मीठ बंद म्हणून ही त्याचं कोरड्यास अळणी काढते आणि स्वतःच्या भाकरीवर मिठाचा खडा घेते. त्याला ओझं बंद, म्हणून त्याच्या मोळ्याही हिनेच डोक्यावर वाहून गाडीत टाकल्या. आणि सगळ्यात वर – त्याला दुखण्याच्या गोळ्या बंद, म्हणून मुकादम टोळीला वाटतो त्यातल्या त्याच्या वाटच्याही हीच खाते. छबुबाई हे हसत सांगत होती. ‘लई गुण हाय त्या गोळ्यांत. चार खाल्ल्या की कंबर हालती.’ त्याच गोळ्या मूत्रपिंडं खातात. म्हणून तर बंद केल्या होत्या.

रोग रेड्याला, औषध पखालीला!

आणि हा ठोंब्या बायकोच्या सुजलेल्या पायांकडे बघत सात वर्षं गोळ्या गिळतोय. एकदा विचारावंसं वाटलं नाही याला.

निघताना छबुबाई म्हणाली, ‘तुमीच म्हणलावता शिष्टरबाई, कार्ड येऊ द्या, माणूस कुणीका आसंना.’ काहीतरीच. मी असं म्हणणं शक्य नाही.

४ ऑक्टोबर

सिद्धलिंगला धरलं. आमचा लॅबवाला, खिडकीत बसून सगळ्यांचं रक्त हाच काढतो. म्हटलं, कार्डावर त्रिंबक आणि समोर हात बांगड्यांचा, तुला दिसत नाही का? म्हणे, ‘मला काय सांगितलं? नंबर बघायचा, नळीवर नंबर टाकायचा. कोयता आला ना? मंग झालं की.’

कोयता. ऊसतोडीत एकटं माणूस मोजतच नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या यादीत नाव नवऱ्याचं, माणसं दोन. २००५ साली कारखान्यानं मुंबईला टोळ्यांची यादी दिली – दोनशे चाळीस कोयते. मुंबईनं वाचलं दोनशे चाळीस पुरुष. ऊस काय फक्त पुरुषच तोडतात असं वाटलं यांना? एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बायका कुठे आहेत. दहा वर्षं! पुस्तकं छापली यावर.

५ ऑक्टोबर

मॅडमना फोन. तिसऱ्यांदा लागला.

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘कार्डवर नाव कोणाचं आहे सिस्टर? रक्त त्यांचंच हवं.’ म्हटलं, बाईचे पाय बघा, तोंड बघा, तिला आधी तपासायला पाहिजे. ‘त्या आपल्या अभ्यासात नाहीत.’ अहो, चार वर्षं तिचंच रक्त आहे तुमच्या अभ्यासात! मग कोयता म्हणजे काय ते समजावलं. मग हळूच, ‘बाकीच्या कार्डांचंही असंच असेल का?’ असणारच, म्हटलं. सत्तर कार्डं वरखाली आहेत. आणि शेवटी काय म्हणाल्या? ‘लेख छापून झालाय, सिस्टर.’

६ ऑक्टोबर

मीच म्हणाले होते.

२००६ च्या रजिस्टरचं शेवटचं पान. अक्षर माझंच, वळणदार. ‘पुरुष गावात नसल्यास कार्ड घेऊन घरातील कुणासही पाठवावे. कार्ड चुकता कामा नये.’ त्या वर्षी पुरुष लवकर कामाला बाहेर गेले होते आणि मला आकडा पुरा करायचा होता. वस्तीवस्तीवर जाऊन सांगितलं असणार. आता आठवतंय, सांगितलं.

कार्डंही मीच लिहिली मुकादमांच्या यादीवरून. कोयता म्हणजे दोन माणसं हे मुंबईला ठाऊक नव्हतं. मला होतं. इथल्या शेंबड्या पोरालाही असतं. दर वर्षी वजनाचा रकाना मी मागच्या वर्षीचं बघून भरत आले, कारण माणूस समोर नसायचंच. लाज वाटते. दुसऱ्यांना शिव्या घालायला किती बरं वाटत होतं कालपर्यंत.

७ ऑक्टोबर

सुट्टी टाकली. दोघांचं रक्त स्वतः काढलं. दोन नळ्या, दोघांवर पूर्ण नावं. एसटीनं माजलगावला खाजगी लॅबमध्ये नेऊन दिल्या. डबा मांडीवर धरून बसले होते. बर्फ वितळला नाही.

९ ऑक्टोबर

त्रिंबक – ०.९.
छबुबाई – ६.४. अंगात रक्त निम्मं.

१२ ऑक्टोबर

दोघांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथला तरुण डॉक्टर बरा होता, नीट बोलला. म्हणाला, मूत्रपिंडं जवळजवळ गेलीत. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, ते लगेच सुरू करा. कायमचा उपाय पाहिजे तर नात्यातल्या कुणीतरी आपलं एक मूत्रपिंड द्यावं लागेल. यंदा ऊसतोडीला पाठवलंत तर परत आणायला माणूस राहणार नाही, हेही त्यानं दोघांच्या समोरच सांगितलं.

छबुबाई म्हणाली, ‘हंगाम काढून येते, मंग बघू.’ पाय दुखतोय म्हणावं तसं म्हणाली. आणि त्रिंबक? पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसला. परतीच्या एसटीत खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि मला विचारलं, ‘मंग ह्या आता हिला देऊ का?’

सात वर्षांनी विचारतोय. बैल गेला आणि झोपा केला.

१४ ऑक्टोबर

मुंबईचं उत्तर. ‘कार्ड ८८ चे आकडे विसंगत असल्याने ते अभ्यासातून वगळण्यात येत आहे. उर्वरित कार्डांचा पाठपुरावा पूर्ववत चालू ठेवावा.’

वगळलं. झालं काम. शाल परत मागितली नाही हे उपकारच.

उत्तर लिहिलं. कार्डं कशी लिहिली, सूचना कुणी दिली, वजनाचा रकाना कसा भरला, सगळं. सत्तर घरांत बायकांचं रक्त तपासायला माणूस पाठवा म्हटलं. खाली सही पूर्ण नावानं केली, ‘संबंधित परिचारिका’ नाही. एक प्रत विठ्ठलरावांना. ते वाचून म्हणाले, ‘शिष्टर, हे निवडणुकीच्या तोंडावर कशाला?’

१७ ऑक्टोबर

मुकादम सर्जेरावाला गाठलं. फटफटीवर बसूनच बोलला. म्हटलं, छबुबाई आजारी आहे, तिला सोड, त्रिंबकला एकट्याला ने.

‘अर्धा कोयता मी काय चाटू बे– काय चाटू, बाई? तोडायला एक अन् मोळी बांधायला एक, तवा काम चालतं. न्यायचं तर दोघं, न्हाईतर दुसरी बाई द्या.’

बरोबर आहे त्याचंही. माणसाला माणूस म्हणून मोजायचं नाही हे त्यानं एकट्यानं थोडंच शोधून काढलंय? मीही दहा वर्षं तेच केलं. पण त्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा हसला. ‘पेंड घातल्याबिगर बैल चालतो का?’ याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही.

२२ ऑक्टोबर

दसरा, धम्मचक्र दिन. विहारात गेले. पांढरं नेसून सगळ्या बायका. वंदना झाली, खीर झाली. मन लागलं नाही. वाटेत त्रिंबकचं घर लागतं. दारात पत्र्याची पेटी, पातेली, गोधड्या. बांधाबांध चाललीय.

शेवटचं सांगून बघितलं. मशीनवर न्यायला दर वेळी मी स्वतः येते म्हटलं. तिला म्हटलं, तू नाही म्हण, कुणी उचलून गाडीत टाकत नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं दोराची गाठ आवळली.

२४ ऑक्टोबर

गेले. सर्जेरावाची गाडी, तीस-पस्तीस माणसं, त्यात ती दोघं. छबुबाईला पेटीवर बसवलं होतं. तिनं हात केला मला.

त्रिंबक माझ्याकडे न बघता वर चढला. सोहळ्यातली शाल अंगावर होती. इतका निर्लज्ज, इतका मुर्दाड माणूस माझ्या बघण्यात नाही. मुंबईच्यांना निदान माहीत नव्हतं. याला डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं होतं. बायको मरेल हे कळून हा तिला मोळ्या उचलायला घेऊन गेला. अशा माणसाची मूत्रपिंडं ठणठणीत असायचीच, त्याला झळ कशाची लागते?

२८ ऑक्टोबर

दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर दोघं. मांजरसुंब्याला गाडीतून उतरले आणि तिच्या बहिणीकडे राहिले. म्हटलं, सर्जेरावानं हाकलून दिलं का? त्रिंबक म्हणाला, ‘न्हाई. मीच उतरलो. मला इचार कराया येळ लागतो, शिष्टरबाई.’

मग खाली बघतच म्हणाला, ‘हिच्या गोळ्या मी खाल्ल्या. आता माझं एक काढून हिला बसवा. फिटंफाट.’

छबुबाई म्हणाली, ‘येडा झालाय. रातच्यापस्नं ह्येच बोलतोय.’

जुळेल की नाही ते डॉक्टर सांगतील. तपासणीचे दोन कोरे फॉर्म काढले आणि आधी तिचं नाव विचारलं, मग त्याचं.